सुटकेचे व्याकरण : मराठी गद्यातील बाळंतपण आणि 'जिणं आमुचं'

मराठीतील स्त्रियांच्या आत्मपर लेखनाची चर्चा करताना समीक्षेने काही विषय पक्के करून ठेवले आहेत. बालविवाह, वैधव्य, केशवपन, सासुरवास, शिक्षणाची धडपड, पतीशी असलेले गुरु-शिष्येचे नाते, हे ते विषय होत. एकोणिसाव्या शतकातील सुधारणेच्या चळवळीने स्त्रीप्रश्नाची जी यादी तयार केली, तीच पुढे वाङ्मयीन विवेचनाची यादी झाली. बाळंतपणाला तीत स्वतंत्र जागा मिळाली नाही. ज्या घटनेत त्या काळच्या असंख्य स्त्रियांचे आयुष्य संपले, ती घटना आत्मचरित्रांत एखाद्या वाक्यात येते आणि समीक्षेत तेवढीही येत नाही. वैधव्य ही रूढीने लादलेली अवस्था असल्यामुळे तिला कथानक असते, तिच्याविरुद्ध उभे राहता येते. बाळंतपण मात्र निसर्गाचे, आणि निसर्गाला कोण जबाब विचारणार, अशी एक समजूत या मौनाच्या मुळाशी आहे. बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' या आत्मकथनाचे महत्त्व या समजुतीला त्याने दिलेल्या छेदात आहे. पण तो छेद नेमका कोठे पडतो हे पाहण्यासाठी त्याआधीच्या मौनाची घडण समजून घ्यावी लागते. ते मौन केवळ लेखिकांच्या संकोचाचे नाही. भाषेनेच त्याची सोय करून ठेवली आहे.

गर्भारपण आणि प्रसूती यांविषयी मराठीत जी रोजची क्रियापदे आहेत, त्यांत स्त्रीला कर्त्याचे स्थान क्वचितच मिळते. 'तिला दिवस गेले' या वाक्यात कर्ता आहे तो 'दिवस'. स्त्री चतुर्थीत उभी असते, जणू कोणीतरी तिला काही देऊन गेले. 'तिची सुटका झाली' यात ती षष्ठीत जाते. 'ती मोकळी झाली', 'ती बाळंत झाली' यांत ती कर्ता दिसते खरी, पण क्रियापद करण्याचे नसून होण्याचे आहे. 'अडली' हेही तसेच. 'जन्म दिला' हा प्रयोग त्यामानाने पुस्तकी. बाळंतिणीच्या खोलीत तो कोणी उच्चारीत नाही. विणे हे एकच अस्सल कर्तरी क्रियापद हाताशी होते, आणि सभ्य मराठीने ते गाई-म्हशींना देऊन टाकले. माणसाच्या बाबतीत ते आता शिवीसारखेच ऐकू येते. गरोदरपणाच्या दुसऱ्या टोकाला 'वांझ' हा शब्द आहे. त्यात मात्र स्त्री पुरेपूर कर्ता असते, आणि दोषाची धनीणही. मूल न होणाऱ्या पुरुषासाठी तितका रोखठोक, तितका रोजच्या वापरातला शब्द मराठीने घडवला नाही.

या शब्दांत 'सुटका' हा सर्वांत बोलका आहे. सुटका होते ती कैदेतून किंवा संकटातून. म्हणजे प्रसूती ही जिवावरची गोष्ट आहे हे भाषेला पक्के ठाऊक आहे. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे म्हातारी माणसे म्हणत आली. पण हे ज्ञान शब्दात गोठवून ठेवले की पुन्हा त्याकडे पाहावे लागत नाही. 'सुटका झाली' एवढे कळले की ऐकणाऱ्याचा पुढचा प्रश्न 'काय झालं?' असतो, आणि तो मुलगा की मुलगी एवढ्यापुरताच असतो.

गर्भारपणाचा जो भाग परंपरेने जाहीरपणे गाऊ दिला तो डोहाळ्यांचा. डोहाळजेवणात गर्भिणीला फुलांच्या वाडीने सजवतात, झोपाळ्यावर बसवतात आणि तिच्या इच्छांची गाणी म्हणतात. एरवी जिने काय खावे हे दुसरे ठरवतात, तिला काय खावेसे वाटते हे त्या दिवशी सर्वांनी विचारायचे, हा या विधीतील हृद्य विरोधाभास आहे. पण सातव्या महिन्यातले हे गाणे नवव्या महिन्याच्या दाराशी येऊन थांबते. जात्यावरच्या ओव्यांत लेकीच्या बाळंतपणाची काळजी आहे, माहेरची वाट आहे, पाळणा आहे. खुद्द वेणांचा काळ तिथेही बहुधा एखाद्या उद्गारापुरताच उरतो. वेदनेला गाणे नसते असे म्हणून हे सोडून देता येणार नाही, कारण याच ओव्यांनी सासुरवासाच्या वेदनेला गाणे दिले आहे.

मुद्रित गद्याकडे वळल्यावर पहिले उदाहरण आनंदीबाई जोशी यांचे घ्यावे लागते. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत तो गेला. पुढे १८८३ साली त्या अमेरिकेला गेल्या, ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून एम. डी. झाल्या आणि मायदेशी परतल्यावर काही महिन्यांतच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, त्यांचा अंत झाला. हे चरित्र सांगणारा प्रत्येक जण त्या दहा दिवसांच्या मुलाशी थांबतो आणि तेथून वैद्यकीच्या ध्येयाकडे वळतो. बाळंतपण येथे एक कारणवाचक वाक्य होते : मूल गेले, म्हणून डॉक्टर व्हायचे ठरले. कथनाच्या दृष्टीने हा दुवा इतका सोयीचा आहे की त्या चौदा वर्षांच्या मुलीच्या शरीराचे काय झाले हे विचारण्याची गरजच उरत नाही. श्रीरामपूर येथे फेब्रुवारी १८८३ मध्ये केलेल्या प्रसिद्ध भाषणात खुद्द आनंदीबाईंनी भर दिला तो देशातील स्त्री-डॉक्टरांच्या गरजेवर. वैयक्तिक शोकाचे भांडवल त्यांनी केले नाही. ते नंतरच्या चरित्रकथनाने केले. श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' (१९६८) या कादंबरीने ही कथा घरोघर पोचवली, पण तिचेही खरे लक्ष गोपाळराव आणि आनंदी या विलक्षण दांपत्यातील ताणावर आहे, आणि कादंबरी म्हणून ते योग्यही आहे.

या सगळ्यात एक गोष्ट बाजूला पडली. आनंदीबाईंचा पदवीचा प्रबंध प्रसूतिशास्त्रावरच होता. आर्य हिंदूंमधील प्रसूतिविद्या हा त्याचा विषय. आयुर्वेदाची परंपरा आणि अमेरिकेत शिकलेले आधुनिक शास्त्र या दोहोंचा आधार घेऊन एका विशीतल्या मराठी स्त्रीने गर्भारपण आणि बाळंतपण यांविषयी सविस्तर लिहिले, आणि ते इंग्रजीत लिहिले, परदेशी परीक्षकांसाठी लिहिले. स्वतः बाळंतपण सोसलेली स्त्री त्याच विषयावर लिहीत आहे, पण प्रबंधाच्या शिस्तीत त्या अनुभवाला प्रवेश नाही. आणि मराठीत तिचा अनुभव सांगितला जातो, पण तिच्या ज्ञानाला तेथे प्रवेश नाही. ज्ञान एका भाषेत आणि देह दुसऱ्या भाषेत, अशी ही फाळणी आहे. पुढील शतकभर ती मराठी गद्यात निरनिराळ्या रूपांत टिकून राहिलेली दिसते. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'सारख्या निर्भीड आणि खेळकर आत्मचरित्रातही बाळंतपणाभोवतीची माणसे, त्यांचे स्वभाव, घरातला गोंधळ हे सारे जिवंत होते. त्या मानाने खोलीचे दार लोटलेलेच राहते.

हे दार धक्का देऊन उघडण्याचा प्रयत्न र. धों. कर्वे यांनी केला. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, १९२३ मध्ये 'संततिनियमन' हे पुस्तक लिहिले, १९२५ मध्ये त्यापायी विल्सन कॉलेजातील नोकरी गमावली, आणि जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक एकहाती चालवले. अश्लीलतेचे खटले त्यांच्यावर झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली, तरी दंड टळला नाही. कर्व्यांचे वाङ्मयीन कार्य बहुधा धैर्याच्या सदराखाली नोंदवून संपवले जाते. त्यांनी मराठी गद्याला काय दिले, हा प्रश्न क्वचित विचारला जातो. जननेंद्रिये, समागम, गर्भधारणा, गर्भपात यांविषयी कुजबुज, शिवी आणि संस्कृत श्लोक या तीन मार्गांखेरीज चौथा मार्ग मराठीत आहे, हे त्यांनी दाखवून दिले. तो मार्ग गणिताच्या अध्यापकाचा होता : अलंकार नाही, हळहळ नाही, विधान आणि त्याचे कारण. संततिनियमन हा स्त्रीचा हक्क आहे, आणि शरीरसुखही पुरुषाइतकाच तिचा हक्क आहे, ही दोन विधाने त्यांनी सारख्याच थंडपणे लिहिली. त्या थंडपणातच त्यांची क्रांती आहे.

परंतु तीच त्यांची मर्यादाही आहे. कर्व्यांच्या गद्यात शरीर आहे, माणूस नाही. 'स्त्री' हा शब्द तेथे सामान्यनाम म्हणून येतो; तिला वय नसते, जात नसते, घरात धान्य किती आहे हे नसते. 'शारदेची पत्रे' या त्यांच्या गाजलेल्या सदरात स्त्रीचा आवाज आला, पण शारदा ही कर्व्यांच्याच तर्कबुद्धीने धारण केलेली सोंगाची भूमिका आहे. तिचा उपरोध मजेदार आहे. तिला पोटात कळ मात्र कधी येत नाही.

याच सुमारास एका वेगळ्या व्यासपीठावर एक वेगळी मांडणी झाली. मुंबई कायदे मंडळात १९२८ मध्ये कामगार स्त्रियांना प्रसूतिकाळात भत्ता आणि विश्रांती मिळावी या विधेयकाला डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला. १९२९ मध्ये तो कायदा झाला. १० नोव्हेंबर १९३८ रोजी संततिनियमनाचा ठराव त्यांच्या पक्षाच्या वतीने पां. जे. रोहम यांनी मांडला, तो फेटाळला गेला. त्या वेळच्या भाषणात प्रसूतीच्या वेदना पुरुषांच्या वाट्याला आल्या असत्या तर एकाहून अधिक मुलाला त्यांच्यापैकी कोणीही तयार झाला नसता, अशा आशयाचा युक्तिवाद आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाला या युक्तिवादाची रचना महत्त्वाची वाटावी. कर्वे स्त्रीविषयी बोलतात. येथे श्रोत्यालाच क्षणभर तिच्या जागी बसवले आहे. सर्वनामाची ही अदलाबदल वादविवादातील एक डावपेच म्हणून आली असेल. पण बाळंतपण हे स्थानांतराविना सांगता येत नाही, याची मराठी सार्वजनिक भाषेतील ती एक लवकरची जाणीव आहे. ज्या चळवळीतून हा ठराव आला, त्याच चळवळीत वाढलेल्या एका स्त्रीने पुढे चाळीसेक वर्षांनी या जाणिवेला गद्यरूप दिले.

बेबीताई कांबळे यांचा जन्म १९२९ चा, आजोळ वीरगावचे, संसार फलटणचा. 'जिणं आमुचं' त्यांनी घरच्यांपासून लपवून वर्षानुवर्षे लिहिले. १९८२ मध्ये ते 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने. पुस्तकाचे शीर्षकच त्याचे व्याकरण सांगते : 'माझे' नव्हे, 'आमुचं'. लेखिकेचे स्वतःचे वैवाहिक आयुष्य त्यात जवळजवळ नाहीच. जे आहे ते महारवाड्याचे आहे, विशेषतः तेथल्या बायकांचे. त्यात पहिलटकरणीच्या बाळंतपणाचे वर्णन येते. मराठीत या विषयावरील एवढे दीर्घ, एवढे धीट आणि एवढे नेमके गद्य त्याआधी कोणी लिहिले असेल असे वाटत नाही.

या वर्णनात काय आहे? लहान वयात लग्न झालेली, अजून अंगाने न भरलेली मुलगी आहे. कळा सुरू होऊन दिवस उलटतात. खोपटात बायकांची गर्दी होते. सुईण म्हणून जी पुढे होते तिला अनुभव असतोच असे नाही. मूल कोठवर आले हे पाहण्यासाठी एकामागून एक हात आत जातात, नखांच्या जखमा होतात. मूल जगले तर जगते. बाळंतिणीला रक्त टिपायला पुरेशा चिंध्या नसतात. घरात खायला नसते. ती भुकेने व्याकूळ पडून राहते. त्यातच कढत पाण्याची अंघोळ, निखाऱ्यांचा शेक, घामाच्या धारा. जखमा चिघळतात, पू होतो, ताप चढतो. अनेकींचा शेवट येथेच होतो.

समीक्षेने या उताऱ्याची दखल घेतली, पण बहुतेक वेळा दोन प्रकारांनी. एक, 'विदारक', 'अंगावर काटा आणणारे' अशा विशेषणांनी. दुसरा, समाजशास्त्रीय दस्तऐवज म्हणून. दोन्ही प्रकारांत उताऱ्याची रचना पाहण्याचे टाळले जाते. विदारकतेचे कौतुक करणारा वाचक तपशिलांची बेरीज करतो. दस्तऐवज शोधणारा त्यांतून माहिती वेगळी काढतो. प्रत्यक्षात या गद्याचे सामर्थ्य तपशिलांच्या क्रमात आणि काळाच्या रूपात आहे.

काळाचे रूप आधी पाहावे. हे एका ठरावीक स्त्रीचे बाळंतपण नाही. 'अमक्या दिवशी अमकी अडली' अशी गोष्ट लेखिका सांगत नाही. असे व्हायचे, असे करायच्या, अशा रीतिवाचक कथनाकडे तिचा कल आहे. रीतिभूतकाळ हा मराठी आत्मचरित्रात सहसा रम्य आठवणींचा काळ असतो : आजी पहाटे उठायची, अंगणात सडा पडायचा, चुलीवर पाणी तापायचे. हरवलेल्या घराचा हुरहूर लावणारा हा काळ. बेबीताई तोच काळ मृत्यूसाठी वापरतात. पहाटे सडा पडावा तितक्या नित्यनेमाने बाळंतिणी मरायच्या. एखाद्या नावाच्या स्त्रीचा मृत्यू सांगितला असता तर तो शोक झाला असता. रीतिवाचक कथनाने तो रिवाज ठरतो, आणि जो रिवाज आहे तो निसर्ग नव्हे. निसर्गाला जबाब विचारता येत नाही, रिवाजाला येतो. प्रारंभी ज्या समजुतीचा उल्लेख झाला, तिला छेद येथे पडतो, आणि तो युक्तिवादाने नव्हे तर क्रियापदाच्या रूपाने पडतो.

आता क्रम. भूक, कोवळे वय, हात, नख, जखम, पू, ताप, मृत्यू. ही भयाची चढती कमान दिसते, पण वैद्यकाच्या दृष्टीने ही कारणपरंपरा आहे. ज्याला सूतिकाज्वर म्हणतात, आणि घरगुती भाषेत बाळंतरोग या मोघम नावाखाली जे काही झाकले जाते, त्याची वाट लेखिकेने टप्प्याटप्प्याने आखून दिली आहे. व्हिएन्नाच्या इस्पितळात इग्नाझ सेमेलवाइस याने १८४७ मध्ये हीच वाट शोधली होती. तेथील पहिल्या प्रसूतिविभागात वैद्यकाचे विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींना तपासत. एप्रिल १८४७ मध्ये तेथे सुमारे १८ टक्के बाळंतिणी दगावल्या. क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुण्याची सक्ती केल्यावर जूनमध्ये हे प्रमाण दोन-अडीच टक्क्यांवर आले. त्याच इस्पितळाचा दुसरा विभाग सुईणींकडे होता, आणि तेथे मृत्यू आधीपासूनच कितीतरी कमी होते. हा तपशील 'जिणं आमुचं' वाचताना विसरू नये. महारवाड्यातील त्या हातांना 'अडाणी' म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण एके काळी युरोपातील नामांकित इस्पितळात सुईणीच्या हातांपेक्षा शिकलेले हात अधिक घातक होते. प्रश्न हातांच्या अडाणीपणापुरता नाही. व्हिएन्नात जे १८४७ मध्ये कळले ते एका शतकानंतरही वीरगावच्या खोपटापर्यंत का पोचले नाही, हा आहे.

उत्तरही मजकुरात आहे, आणि ते भुकेच्या तपशिलात आहे. शेक-शेगडी, कढत अंघोळ, धुरी हे सारे उपचार महारवाड्याने शोधलेले नाहीत; मराठी मुलखातील सर्वच जातींच्या बाळंतिणीला ते मिळत आले. फरक एवढाच की इतरत्र त्यांच्या जोडीला डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तूप, बाळंतशोपा असत. आहारासह जो उपचार, तोच आहाराविना छळ होतो. उपाशी देहाला निखाऱ्यांचा शेक, हे एकच चित्र जातिव्यवस्थेचे जितके नेमके वर्णन करते तितके अनेक वैचारिक लेख करीत नाहीत. रीत सर्वांची एकच, पण ती निभावण्याचे साधन एकीकडे असते आणि दुसरीकडे नसते. आणखी एक उपहास येथे दडलेला आहे. नाळ कापणे, वार पुरणे ही कामे विटाळाची मानली गेल्याने अनेक गावांत सुईणपण मांग-महार स्त्रियांकडेच होते. ज्या हातांनी पाटलाच्या वाड्यातले मूल बाहेर काढायचे, त्याच हातांना स्वतःच्या वस्तीतल्या पोरीसाठी गरम पाण्यापलीकडे काही मिळत नव्हते.

हे सगळे लेखिका सूत्ररूपाने सांगत नाही, आणि जेथे सांगू जाते तेथे गद्य थोडे उणावते हेही नोंदवले पाहिजे. पुस्तकात दोन आवाज आहेत. एक साक्षीदाराचा, दुसरा आंबेडकरी चळवळीने घडवलेल्या प्रबोधनकर्त्या कार्यकर्तीचा. दुसरा आवाज शिकल्या-सवरलेल्या तरुण पिढीला उद्देशून बोलतो, अज्ञान आणि अंधश्रद्धेवर कोरडे ओढतो, उपकारांची आठवण करून देतो. तो आवाज ऐतिहासिक दृष्ट्या अपरिहार्य आहे. त्याच्यावाचून पहिल्याला लिहिण्याचे बळच आले नसते. पण बाळंतपणाच्या वर्णनात जेव्हा कार्यकर्ती पुढे येऊन 'अज्ञान' हा निवाडा देते, तेव्हा साक्षीदाराने दाखवलेली गुंतागुंत क्षणभर सपाट होते. साक्षीदाराला भूक दिसली आहे. कार्यकर्तीला अंधश्रद्धा दिसते. लेखिकेच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की तिने एका आवाजासाठी दुसरा दाबला नाही. त्या खोपटातल्या बायकांत ती स्वतःला धरते. 'आमुचं' या शब्दात ज्यांचे हात आत गेले त्या आणि जी खाली पडली आहे ती, दोघीही येतात. दोष आणि दुःख यांची वाटणी दोन वेगळ्या माणसांत करण्याची सोय हे सर्वनाम ठेवीत नाही.

आनंदीबाईंच्या प्रबंधात ज्ञान होते, देह नव्हता. कर्व्यांच्या लेखनात देह होता, पण तो कोणाचाच नव्हता. 'जिणं आमुचं'मध्ये ज्ञान देहातूनच येते, म्हणूनच त्याला ज्ञान म्हणायला समीक्षा कचरली असावी. अनुभव म्हणून त्याचा गौरव झाला, आणि 'अनुभव' हा शब्द दलित व स्त्रियांच्या लेखनाच्या वाट्याला बहुधा विचार नाकारण्याच्या मोबदल्यात येतो.

हे पुस्तक ज्या दशकात आले त्याच दशकाच्या अखेरीस, १९८९ साली, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे गडचिरोलीतील संशोधन 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले, आणि त्याआधी कधीही तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात या निष्कर्षाने खळबळ उडवली, कारण तोवर ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे कुटुंबनियोजन आणि बाळंतपण एवढेच गृहीत होते. वाङ्मयाच्या दृष्टीने अधिक लक्षणीय आहे ते पुढे 'कानोसा' या पुस्तकातून आलेले गद्य. स्त्रियांच्या प्रजनन-आरोग्याविषयी स्त्रियाच काय म्हणतात, हे ऐकण्यावर ते उभे आहे. कानोसा घ्यावा लागतो तो जेथे आवाज मोठ्याने येत नाही तेथे. 'अंगावरून जाणे', 'पांढरे पाणी', 'अंग बाहेर येणे' असे जे शब्द शिष्ट गद्याने आणि रुग्णपत्रिकेने सारखेच बाहेर ठेवले, त्यांना लक्षण म्हणून आणि भाषा म्हणूनही मान देणे ही डॉक्टरपेक्षा लेखकाची कृती आहे. मराठी समीक्षेने अशा पुस्तकांना 'आरोग्यविषयक' म्हणून बाजूच्या कपाटात ठेवले. ते कपाट एकदा उघडले पाहिजे.

कारण शब्दांचा हा प्रश्न जुन्या खोपटांपुरता राहिलेला नाही. गर्भाशयाला रोजच्या मराठीत 'पिशवी' म्हणतात. शब्द सोपा आहे, लाजरा नाही, दवाखान्यातही चालतो. पण पिशवी ही ठेवण्याची आणि काढण्याची वस्तू असते. भरून झाली, काम संपले की काढून ठेवावी. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला आणि शासनाने समिती नेमली, तेव्हा पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यामागे उचल आहे, मुकादम आहे, पाळीच्या दिवसांत पडणारा खाडा आणि त्याचा दंड आहे, कर्करोगाची भीती घालणारा दवाखाना आहे, आणि लहान वयातली लग्ने व बाळंतपणे आहेत. या सगळ्याला त्या स्त्रियांच्या बोलीत एकच वाक्य पुरते : 'पिशवी काढली.' 'सुटका झाली' या वाक्याप्रमाणेच त्यातही कर्ता दिसत नाही. ते उच्चारणारी स्त्री 'मी काढली' असे म्हणत असते की 'माझी काढली' असे, हे वाक्याच्या रूपावरून ठरवता येत नाही.